पहिले दोन महिने

हिंगणा रोडवर लोकमान्य नगरचं मेट्रो स्टेशन मागे टाकून वानाडोंगरीकडे निघालं, की डाव्या हाताला हार्डवेअरचं एक दुकान लागतं. त्याच्या वरच्या मजल्यावर ही जिम आहे. जिना चढताना आधी लोखंडाचा आवाज येतो, मग रबराच्या मॅटचा वास. संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. एमआयडीसीतली जनरल शिफ्ट सुटलेली आहे आणि दाराजवळच्या रॅकमध्ये सेफ्टी शूज, डब्याच्या पिशव्या, हेल्मेट असं सगळं एकावर एक रचलेलं आहे. संक्रांत नुकतीच झाली आहे, त्यामुळे काउंटरवर तिळगुळाचा डबा अजून उघडा आहे. काउंटरमागची मुलगी तो माझ्यापुढे करते, आणि दुसऱ्या हाताने माझ्या भाच्यापुढे छापील फॉर्म सरकवते.

फॉर्मच्या वर भिंतीवर दरांचा फलक आहे. महिना १,०००, तीन महिने २,५००, वर्ष ८,०००. त्याखाली लाल अक्षरांत: पर्सनल ट्रेनिंग, महिना ५,०००. भाचा हिंगण्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. कापून हातात येतात ते पंधरा हजारांच्या आतबाहेर. त्यातले काही घरी, काटोलला जातात. आयुष्यात पहिल्यांदा जिममध्ये पाऊल ठेवणाऱ्या या पोराला काउंटरवरची मुलगी गोड आवाजात विचारते, "पीटी लावायची ना भैया? नवीन लोकांना तर लागतेच." तो माझ्याकडे बघतो. "मामा, भरून टाकू का?"

पगाराचा तिसरा हिस्सा. मी म्हणतो, आज पैसे काढू नको, आधी तासभर बघू. त्याचे कंपनीतले दोन मित्र येणार आहेत, तेही नवेच. तोवर मी खिडकीजवळच्या बाकावर बसतो, आणि तो ट्रेडमिलवर दहा मिनिटं चालायला जातो.

हॉल लांबट आहे. एका भिंतीला आरसे, समोरच्या भिंतीला डंबेलचा रॅक, मधे बेंच, कोपऱ्यात केबलचं मशीन. या क्षणी तीसेक माणसं आहेत. ट्रेनर तीन. दोघे आपापल्या पीटीवाल्यांबरोबर आहेत आणि तिसरा, काळ्या टी-शर्टातला, पंचविशीचा, उरलेल्या सगळ्यांसाठी. फ्लोअर ट्रेनर. त्याची फी प्रत्येकाने आपल्या महिन्याच्या हजारात आधीच भरलेली आहे, पण हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही.

माझ्या समोरच एक पोरगा डेडलिफ्ट करतो आहे. मोबाइल भिंतीला टेकवून ठेवलाय, त्यात कोणी परदेशी माणूस सावकाश समजावतो आहे. पोरगा बघतो, मान डोलावतो, वाकतो. रॉडला दोन्ही बाजूंना मोठ्या प्लेट्स आहेत, लॉक मात्र एकाच बाजूला. रॉड नडगीपासून वीतभर लांब. तो उचलतो तेव्हा नितंब आधी वर जातात आणि पाठ कमानीसारखी गोल होते. दुसऱ्या वेळी अधिक गोल. तिसऱ्या वेळी रॉड गुडघ्यापर्यंत येतो, पोरगा तो अर्ध्यावरच सोडून देतो आणि डावा हात कमरेवर ठेवून उभा राहतो. चेहऱ्यावर वेदना नाही, गोंधळ आहे. मोबाइलमधला माणूस पुढचं सांगतच असतो. त्याला हा पोरगा दिसत नाही.

आवाजाने फ्लोअर ट्रेनर वळतो. येतो, आधी मोबाइल बंद करून पोराच्या हातात देतो. "कायले येवढं लावलं भाऊ? कितवा दिवस?"

"चौथा."

"कमरेत काही झालं? पायात मुंग्या?"

"नाई. फक्त ओढल्यासारखं वाटलं."

"मग आज रॉडले हात लावायचा नाई."

तो कोपऱ्यातून झाडूचा दांडा घेऊन येतो. साधा प्लॅस्टिकचा, झाडू काढून टाकलेला. पोराच्या पाठीवर उभा धरतो: एक टोक डोक्याच्या मागे, मधला भाग खांद्याच्या पात्यांमध्ये, खालचा भाग माकडहाडावर. "ह्या तीन जागा. आता वाक. तीनही जागी काठी लागूनच राहिली पायजे." पोरगा वाकतो आणि लगेच खालची जागा सुटते. "पाह्यलं? पाठ वाकून राहिली. कंबर नाई वाकवायची, खुब्यातून वाकायचं." तो त्याला भिंतीकडे पाठ करून पाऊलभर अंतरावर उभा करतो. "आता मागची भिंत बुडाने शोध. गुडघे थोडेच वाकव." पोरगा शोधतो. सापडत नाही. पुन्हा. सापडते. काठी तीनही जागी टेकलेली आहे. ट्रेनर काही बोलत नाही, त्याला अर्धा इंच पुढे सरकवतो आणि म्हणतो, "आता हेच, इथून."

मी घड्याळाकडे बघत नाही, पण हे बराच वेळ चालतं. एकही किलो न उचलता तो पोरगा घामाने भिजतो. शेवटी ट्रेनर त्याला रिकामा रॉड देतो, दोन ठोकळ्यांवर ठेवून, म्हणजे जमिनीपर्यंत वाकावं लागू नये. "पायाला घासत वर ने. उचलायच्या आधी श्वास भर, पोट घट्ट कर." रॉड वर जातो. पाठ सरळ. पोरगा आरशात स्वतःकडे बघतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघून मला त्या ५,००० रुपयांच्या फलकाबद्दल काय विचारायचं ते कळतं.

प्रश्न जिमला ट्रेनर लागतो की नाही हा नाही. प्रश्न कोणत्या दिवसांत लागतो हा आहे. व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्या माणसाची ताकद पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढते, आणि त्याला वाटतं आपले स्नायू मोठे झाले. तसं नसतं. मोरितानी आणि डिव्हरीज या संशोधकांनी १९७९ साली दाखवून दिलं, की सुरुवातीच्या आठवड्यांतली वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. आहे त्याच स्नायूला मेंदू अधिक चांगला हुकूम द्यायला शिकतो, अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावतो. स्नायू जाड होण्याचा वाटा नंतर वाढत जातो. म्हणजे हे पहिले आठवडे शिकण्याचे आहेत, आणि शरीर त्या काळात जे शिकतं तेच पक्कं करतं. पाठ गोल करून उचलायला शिकला तर तेही पक्कं होतं. वर्षभराने त्याच्या रॉडला तिप्पट वजन असेल आणि पाठ तशीच गोल असेल. माझ्या मते ट्रेनरचा पैसा सगळ्यात जास्त वसूल होतो तो इथे, पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत. नंतर त्याची गरज उतरत जाते. आणि पॅकेज विकणाऱ्यांचं गणित नेमकं उलटं असतं: वर्षाचं घ्या, स्वस्त पडेल.

आपल्याकडच्या तालमींना हे फार आधीपासून ठाऊक होतं. तालमीत आलेल्या नव्या पोराला पहिल्याच दिवशी कोणी कुस्तीला उतरवत नसे. आधी माती खणणं, ती भिजवणं, मग जोर, बैठका, आणि वस्तादाची नजर त्याच्या खांद्यावर. बैठक अर्धी सोडली तर हाक येई. वस्ताद एकाचा नव्हता, आखाड्यातल्या सगळ्यांचा होता, पण नव्या पोरावर त्याचं लक्ष जास्त असे. इथून दीडशे किलोमीटरवर अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं केली. बडोद्याहून करंदीकर-मुजुमदारांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले तेही त्याच सुमाराला सुरू होऊन १९४९ पर्यंत. इतकं शिकवण्याचं शास्त्र ज्या प्रांतांत मराठीतून लिहिलं गेलं, तिथल्या पोराला आज डेडलिफ्ट भिंतीला टेकवलेल्या मोबाइलवरून शिकावी लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता आरशाजवळ बघतो. तिथे एक पीटी चालू आहे. पैसे भरणारे गृहस्थ चाळिशीच्या आसपासचे, अंगावर नवा कोरा ट्रॅकसूट. केबल मशीनवर बसून लॅट पुलडाउन करताहेत. त्यांचा ट्रेनर शेजारी उभा आहे, एका हातात मोबाइल. "आठ… नऊ… अजून एक सर… दहा. बढिया." नजर मोबाइलवर. गृहस्थ बार खाली ओढताना संपूर्ण अंगाने मागे झुकताहेत, खांदे कानापर्यंत वर येताहेत, पाठीचं काम हातांनी करताहेत. कोणी सांगत नाही. पुढचा सेट. पुन्हा आकडे. आकडे मोजायला माणूस लागत नाही. ५,००० रुपयांत हे मिळणार असेल, तर भाच्याने ते पैसे काटोललाच पाठवलेले बरे.

त्याच दोन ट्रेनरांत फरक काय? एकाने पोराला हात लावून अर्धा इंच सरकवलं. दुसरा हजर आहे, पण बघत नाही. दोघांच्याही टी-शर्टच्या पाठीवर एकच शब्द छापलाय. आपल्याकडे ट्रेनर म्हणवून घ्यायला डॉक्टरसारखी नोंदणी लागत नाही. अभ्यासक्रम आहेत, मुंबईच्या के-११ सारख्या अकादम्या आहेत, सरकारच्या कौशल्य चौकटीत फिटनेस ट्रेनरची पातळी ठरवलेली आहे. प्रमाणपत्र विचारावंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण प्रमाणपत्राहून खात्रीचा पुरावा इथे बाकावर बसून मिळतो. ट्रेनरचे डोळे कुठे आहेत ते बघायचं.

आणि एका माणसाला एकच ट्रेनर हवा, हेही खरं नाही. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. आधी कधीच वजन न उचललेले १२४ तरुण, ११ आठवडे. एका गटात पाच जणांमागे एक शिक्षक, दुसऱ्या गटात पंचवीस जणांमागे एक. व्यायाम तोच. बेंच प्रेसची ताकद दोन्ही गटांत वाढली, पहिल्यात जास्त. पायांची ताकद मात्र पाचांमागे एक असलेल्या गटातच ठळकपणे वाढली. या हॉलमध्ये आत्ता तो दुसरा गट आहे, तिसांमागे एक काळा टी-शर्ट. पण त्या प्रयोगात कोणालाच स्वतःचा खासगी शिक्षक नव्हता. पाचांत एक पुरला.

"मॅडम, आज गुडघा दुखते थोडा." माझ्या उजवीकडे, बायकांच्या बाजूला, पन्नाशीकडे झुकलेल्या एक ताई पीटीच्या दुसऱ्या ट्रेनरशी बोलताहेत. ही ट्रेनर मुलगी आहे, घट्ट वेणी, पायांत साधे कॅनव्हासचे बूट. ती त्यांना 'काकू' म्हणते. "चढताना दुखते का उतरताना?" उतरताना. ती बेंच ओढते, वर दोन गाद्या रचते. "आज उंचावरून बसा. हळू बसायचं, टेकलं की उठायचं. गुडघा आत नाही वळला पाहिजे, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा." काकू बसतात, उठतात. तिसऱ्या वेळी गुडघा आत वळतो, मुलगी दोन बोटांनी बाहेर दाखवते. नंतर काकू घाम पुसत माझ्या बाकावर येऊन बसतात. राजीव नगरला राहतात. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, वर थोडं वजनही उचला म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्यांना तेच सांगते: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम. पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे, दुसऱ्याची आठवण फार कमी जणांना असते.

"ही मुलगी रागवते म्हणून येतो बापा," काकू म्हणतात. "नाई आली तं फोन करते. आणि एकटी आली असती तं ह्या पोट्ट्यांमध्ये पाय ठेवला नसता मी." हे दोन्ही मुद्दे मला महत्त्वाचे वाटतात. पीटीच्या पैशात नुसती व्यायामाची योग्य पद्धत विकत मिळत नाही, वेळ ठरते. कोणीतरी वाट बघतं. आणि ज्या बाईला आयुष्यात कधी खेळाच्या मैदानावर जागा मिळाली नाही, तिला वजनांच्या रॅकपर्यंत जाण्याचा रस्ता कोणीतरी सोबत चालून दाखवावा लागतो. काकूंसाठी, त्यांच्या गुडघ्यासाठी आणि साखरेसाठी, एकटीचा ट्रेनर घेणं मी योग्यच म्हणेन, परवडत असेल तोवर. तिथे दोन महिन्यांची मर्यादाही मी घालणार नाही.

रॅकजवळ एक उंच, काटक पोरगा खांद्याचे व्यायाम करतोय. त्याला काउंटरवरून पुन्हा पुन्हा पीटीचं विचारलं जातंय आणि तो प्रत्येक वेळी हसून नाही म्हणतो. पोलीस भरतीची तयारी. सकाळी मैदानावर धावतो, संध्याकाळी इथे. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० एकट्या १६०० मीटरला, १५ शंभर मीटरला, १५ गोळाफेकीला. गोळा ७.२६० किलोचा. त्याची कमाई धावण्यात आहे, आणि धावण्याचा गुरू त्याला मैदानावर आधीच भेटलेला आहे. याच रस्त्यावर राज्य राखीव दलाचा कॅम्प आहे, तिथे भरती झालेला त्याच्या गावचा एक दादा त्याच्याकडून फुकट सराव करून घेतो. त्याने इथे पैसे घालू नयेत.

पावणेआठच्या सुमाराला एक नवे गृहस्थ येतात. पोट सुटलेलं, श्वास जिन्यानेच लागलेला. लगेच ट्रेडमिल मागतात. काळा टी-शर्ट त्यांना आधी खुर्चीत बसवतो. "काका, छातीत कधी दुखते का? चढताना? चक्कर? बीपीची गोळी चालू आहे?" असे सातेक प्रश्न. जगभर नव्या माणसाला विचारले जाणारे हेच ते, पार-क्यू नावाच्या यादीतले, मूळ कॅनडात तयार झालेले. काका कबूल करतात की गोळी चालू होती, दिवाळीपासून बंद केली, कारण बरं वाटत होतं. ट्रेनर ट्रेडमिल देत नाही. "आधी दवाखान्यात दाखवून या. दिगडोहच्या टेकडीवर लता मंगेशकर हॉस्पिटल आहे न, जवळच. गोळी डॉक्टरच बंद करतील, तुम्ही नाई. मग आपण चालण्यापासून सुरू करू." काका थोडे नाराज होऊन उतरतात. काउंटरवरची मुलगी डोळ्यांनी त्याला विचारते, गिऱ्हाईक घालवलंस का? तो खांदे उडवतो. हा पोरगा मला आवडतो, हे मी लपवत नाही.

उलट टोकही मी पाहिलेलं आहे. नागपुरातल्या एका दुसऱ्या जिममध्ये माझ्या शेजारच्या मुलाला पहिल्याच दिवशी ट्रेनरने उठता येणार नाही इतक्या बैठका मारायला लावल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणं साधं आहे, ते सगळ्यांचं दुखतं आणि आपोआप जातं. पण त्याची लघवी गडद तपकिरी झाली. स्नायू मोठ्या प्रमाणात तुटले की त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. आईने वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून मुलगा सुटला. तेव्हा ज्याने पैसे घेऊन पहिल्या दिवशी तुम्हाला रडवलं तो कडक नव्हे, तो धोकादायक. चांगला ट्रेनर पहिल्या आठवड्यात हात आखडता घेतो. दमलो नाही अशी तक्रार करत घरी जाणारा नवा माणूस दुसऱ्या आठवड्यात परत येतो.

भाच्याचे मित्र आलेत. तिघे घोळका करून रॅकशेजारच्या शोकेसजवळ उभे आहेत, डब्यांकडे बघत. प्रोटीन पावडर, किमती चार आकडी. मोबाइलवाला ट्रेनर तिकडे सरकतो. "पीटीबरोबर हे घेतलं तर डिस्काउंट देतो." काळा टी-शर्ट लांबून बोलतो, आवाज न चढवता, "त्याईले आधी डाळ खाऊ दे." राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहाराच्या मार्गदर्शक सूचनांतही अंग भरण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळाव्यात असंच म्हटलंय. हिंगणा तालुक्याच्या शेतांत सोयाबीन उभं राहतं, तूर उभी राहते. सोयाबीनच्या १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. भाचा कंपनीच्या दारात रोज तर्री-पोहे खातो. काळा टी-शर्ट त्याला सांगतो, "तर्रीतले चणे डबल घे, वरचं तेल कमी कर. आणि संध्याकाळी दोन अंडी. अंडी खाता न? मग झालं." डब्यांचं शोकेस उघडत नाही.

मी भाच्याला बोलावतो. विचारतो, काय दिसलं? तो जरा थांबतो.

"मामा, कंपनीत लागलो तेव्हा मले पहिले दोन महिने सीनियरच्या बाजूलेच उभं केलं होतं. मशीनले हात लावू देत नव्हते. चूक झाली की मागून हात धरायचे. मग एक दिवस म्हणाले, आता तू चालव." तो काळ्या टी-शर्टाकडे बघतो. "असंच पायजे. वर्षभराचं कायले?"

त्याने ते माझ्या आधी आणि माझ्याहून नेमकं सांगितलं. मी त्याला फक्त आकडा जोडून देतो. तिघे नवे आहात, तिघांची ताकद सारखीच आहे, तिघांत मिळून एक घ्या. आणि मोबाइलवाला नको, झाडूचा दांडा आणणारा हवा.

काउंटरवरची मुलगी म्हणते, असं पॅकेज नाही. फलकावर खरंच नाही. ती मालकाला आतून बोलावते. मालक पन्नाशीचे, मनगटावर जुन्या कुस्तीगिराचा काळा दोरा, एक कान मोडलेला. ते तिघांना वरपासून खालपर्यंत बघतात.

"तिघं मिळून? एका वेळी?"

"हो काका. हप्त्यातून तीन दिवस. दोनच महिने."

"दोनच का?"

"मग आम्हीच एकमेकांचं पाहू."

मालक काळ्या टी-शर्टाकडे वळतात. तो मान हलवतो: जमेल, एक सेट मारतो तेव्हा दोघे बघतात, शिकतात, स्पॉट द्यायलाही तिथेच शिकतील. मालक वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडतात. महिन्याला ६,०००, तिघांत. म्हणजे डोक्यावर २,०००, दोन महिन्यांचे ४,०००. एकट्याच्या एका महिन्याहून कमी. जिमची फी वेगळी. भाचा माझ्याकडे बघत नाही या वेळी, स्वतःच हो म्हणतो.

"माझ्या दोन अटी," काळा टी-शर्ट म्हणतो. "मोबाइल काउंटरवर. आणि एक वही आणायची. कोणता व्यायाम, किती वजन, किती वेळा, रोज लिहायचं. दोन महिन्यांनी वही पाहूनच पुढचं तुमचं तुम्हाला ठरवता येईल, मले विचारायची गरज नाई."

"सोमवार, बुधवार, शुक्रवार?" मुलगी रजिस्टर उघडते.

दुसरा मित्र कचरत बोलतो. "सर, पुढच्या हप्त्यात माही सेकंड शिफ्ट आहे. रात्री अकराले सुटतो."

तिघे एकमेकांकडे बघतात. माझ्या मनात येतं, इथेच हे मोडणार. कंत्राटी पोराची पाळी दर आठवड्याला फिरते आणि बहुतेकांची जिम त्यातच सुटते.

"मग त्या हप्त्यात सकाळी," ट्रेनर म्हणतो. "तुम्ही दोघं जनरलले आहात न? साडेसहाले उघडतो मी. सात वाजता तिघं इथं, आठ वाजता मोकळे. रात्री अकराले सुटून आलेल्याले मी त्या दिवशी हलकं देईन. पण उपाशीपोटी येऊ नका, केळं खाऊन या."